हॅटवाल्याक परत फिरव, म्हाराजा!

आमच्या वाड्याचं नाव मी सांगणार नाही. पेडण्यापासून सात किलोमीटर, पन्नासेक घरं, मागे डोंगर, एवढंच. नाव सांगितलं की लोक ते फोनवर शोधतात, शोधलं की गाडी घेऊन येतात, आणि आले की आमच्या गोठ्याकडे पाठ करून 'यहाँ से व्ह्यू कैसा है' असं विचारतात. तेव्हा नाव राहू दे. विषय हॅटचा आहे.

हॅट बाबांसाठी होती. गेल्या एप्रिलात बाबा काजूच्या बागेत चक्कर येऊन पडले. नेमकं सांगायचं तर कुठ्ठाळीला पडले.

हे जरा समजावून सांगायला हवं. बाबांनी बत्तीस वर्षं सरकारी बस चालवली, पेडणे-वास्को. निवृत्त झाल्यावर हार, शाल, नारळ घेऊन घरी आले, आठ दिवस खुर्चीत बसले, आणि नवव्या दिवशी डोंगरावरच्या आमच्या काजूच्या बागेत जाऊन त्यांनी झाडांना स्टॉपची नावं दिली. खालचं पहिलं झाड पेडणे. मग कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी, असं चढत चढत अगदी वरचं, सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या, कडेचं झाड वास्को. मार्च ते मे रोज सकाळी बाबा पेडण्याहून सुटतात, प्रत्येक स्टॉपवर पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करतात आणि जेवायच्या वेळेला वास्कोहून परत येतात. मधे कुठेही थांबत नाहीत. दोन छोटी झाडं आहेत, ती 'रिक्वेस्ट स्टॉप' आहेत.

तर गेल्या वर्षी कुठ्ठाळीला, म्हणजे वास्को डोळ्यांसमोर दिसत असताना, ते पडले. डिचोलीच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, की ऊन लागलंय, पुन्हा लागता कामा नये. डोक्यावर हॅट हवी, सगळीकडून चार इंच काठाची. नुसती कॅप चालणार नाही, कॅपने फक्त नाकाला सावली मिळते.

आईने ते औषधाच्या चिठ्ठीपेक्षा नीट लक्षात ठेवलं. यंदा मार्च उजाडला, पहिले बोंडू पिवळे झाले आणि ती म्हणाली, "हॅट नाय, तर डोंगर नाय. बाग ह्या वर्सा दुसऱ्याक देतंय."

"बत्तीस वर्सां टोपी घालून उन्हातसून गेलंय मी," बाबा म्हणाले. "तेव्हा खंय माका चक्कर इली?"

"तेव्हा तुमच्या डोक्यार बशीचा छप्पर होता."

बाबांनी खिडकीतून एकदा डोंगराकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गौरेश, एक चेपें हाड माका. पण बघ हां. लोक हसूक नाय व्हये." आमच्याकडे जुनी माणसं हॅटला चेपें म्हणतात. बाबांच्या मते चेपें घालणाऱ्यांच्या दोनच जाती: गेलेले पोर्तुगीज आणि आलेले टुरिस्ट.

मी डिचोलीच्या एका पतसंस्थेत कारकून आहे. तीन-तीन प्रतींमध्ये अर्ज तपासणारा माणूस एक हॅट आणू शकणार नाही असं मला वाटलं नव्हतं.

पेडण्याच्या बाजारात डोक्यावर घालायच्या वस्तू तीनच मिळतात: हेल्मेट, लग्नातला फेटा आणि माडाच्या पातीची टोपली. म्हणून मांद्र्याच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे एका बेळगावच्या बाईंचं दुकान आहे. त्यांनी मला 'वेलकम सर, फर्स्ट टाइम गोवा?' असं विचारलं. मी म्हटलं, मी पेडण्याचा. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, "पेडण्याचे? मग हॅट कशाला?"

पुढच्या दोन महिन्यांतला सगळा घोटाळा या एका प्रश्नात होता. मला तो तेव्हा दिसला नाही. मी चार इंच काठ मोजत होतो.

चार इंच काठाच्या सगळ्या हॅटींवर समोर जाड लाल दोऱ्याने GOA असं भरलेलं होतं. बाईंना विचारलं, कोरी नाही का? त्या म्हणाल्या, "कोरी कोण घेणार? परत गेल्यावर लोकांना कळायला नको कुठून आणली ते?" परत कुठे जाणार, बाबा तर मागल्या दारातून डोंगरावर जाणार होते. पण काठ चार इंच होता. मी घेतली.

बाबांनी हॅट हातात घेतली, वाचली, आणि परत माझ्या हातात दिली.

"ह्या काय?"

"गोवा."

"ता माका दिसता. मी गोंयांतच आसंय. माका विसर पडता म्हणान लिवलंय काय?"

म्हणून दुरुस्ती क्रमांक एक. आईने ब्लेडने तिन्ही अक्षरं उसवली. दोरा गेला, पण भोकं राहिली, आणि उन्हात धरल्यावर भोकांमधून GOA पहिल्यापेक्षा ठळक दिसू लागलं. आता ते नुसतं लिहिलेलं नव्हतं, त्यातून उजेड येत होता. वर झाकायला पट्टी लावायची ठरली, आणि शेजारच्या मंजुळावयनी, ज्यांना आमच्या घरात सुई निघाल्याचा आवाज त्यांच्या परसातून ऐकू जातो, त्या सल्ला द्यायला आल्या. हॅट आईने पदराखाली झाकली, नुसता पट्टीचा रंग विचारला.

"भगवी लाय."

"ती महेशाच्या पार्टीची."

"मगे निळी."

"ती तेच्या विरुद्धच्याची."

पाचेक मिनिटं त्यांनी रंग सुचवले आणि पाचेक मिनिटं आईने उमेदवार सांगितले. पंचायतीची निवडणूक तोंडावर असताना आमच्या वाड्यात असा एकही रंग उरत नाही, जो डोक्यावर बांधून माणूस नुसता काजू गोळा करू शकेल. शेवटी वयनी गेल्यावर आईने खणांचं गाठोडं काढलं. ओटीचे खण आमच्याकडे शिवायचे नसतात, फिरवायचे असतात. आलेला खण घडी न मोडता पुढच्या ओटीत जातो. काही खण तर माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत आणि त्यांनी तालुका माझ्यापेक्षा जास्त बघितलाय. त्यातून आईने वांग्याच्या रंगाचा, पिवळ्या काठाचा एक खण निवडला. वांगी रंग अजून कुठल्याच पक्षाच्या लक्षात आला नव्हता. कोणी दिला होता तो खण, ते तिला आठवेना. तिने तो कापला. मला वाटतं, त्या खणाच्या आयुष्यात त्याला कात्री लागायची ती पहिलीच वेळ.

पट्टी छान बसली. मग हॅट बाबांच्या डोक्यावर ठेवली आणि ती सरळ नाकापर्यंत आली.

दुरुस्ती क्रमांक दोन. नव्या मिक्सरच्या खोक्यातला फोम कापून मी आतून गोल चिकटवला. माप बरोबर बसलं. फक्त, बाबा काही चघळू लागले की कानाजवळची शीर हलते, ती फोमला घासते, आणि हॅटमधून 'चूं' असा आवाज येतो. बाबा डोंगरावर काही ना काही चघळतच असतात. पहिल्या दिवशी ते कोलवाळपर्यंत उंदीर शोधत होते.

दुरुस्ती क्रमांक तीन वाऱ्यामुळे. पर्वरीच्या वर सडा सुरू होतो आणि तिथे वारा असा येतो की कुत्रीसुद्धा तिरकी चालतात. हॅटला मूळचं एक पांढरं इलॅस्टिक होतं, हनुवटीखाली घ्यायचं. ते घालून बाबा आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या शाळेच्या गॅदरिंगातल्या फुलपाखराचा आसा." त्यांना पट्टा हवा होता. बकलाचा, 'खट्' करून लागणारा. बत्तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला वस्तू लागली की तसा आवाज यावा लागतो. घरात तसा पट्टा एकच होता, तो माझ्या हेल्मेटचा. मी तो कापून हॅटला शिवला आणि हॅटचं इलॅस्टिक माझ्या हेल्मेटला लावलं. माझ्या मते हा न्याय्य बदल होता.

वाहतूक पोलिसाचं मत वेगळं होतं. दुसऱ्याच दिवशी डिचोलीला जाताना त्याने मला वळणावर थांबवलं, माझ्या हनुवटीखालचं पांढरं इलॅस्टिक एका बोटाने ओढलं आणि सोडलं. लागलं.

"पट्टो खंय?"

"बाबांच्या हॅटीक."

"कित्याक?"

"डोंगरार वारो आसता."

त्याने वही काढून पानं उलटली. तीत अशा गुन्ह्याला रकाना नसावा. मग म्हणाला, "फाल्यां हॅट घेवन यो. पट्टो तिका लायलां काय फट मारता तें पळोवया."

आता हेल्मेटचा पट्टा हॅटला आहे हे सिद्ध करायला हॅट न्यायची, आणि हॅट न्यायला स्कूटरवर बिनपट्ट्याचं हेल्मेट घालून त्याच वळणावर जायचं, म्हणजे तोच गुन्हा पुन्हा करायचा. म्हणून मी ती पाऊण तासाची वाट एक हॅट मांडीवर घेऊन बसने गेलो. कंडक्टर बाबांच्या ओळखीचा. त्याने 'काशिनाथमामांक कसा आसा?' विचारलं आणि हॅटकडे बघून पुढे काही विचारलं नाही. लोक विचारत नाहीत तेव्हा जास्त लागतं.

पोलिसाने हॅट उलटीसुलटी केली, बकल तीन वेळा 'खट्' केलं, मग इकडे-तिकडे बघून स्वतःची टोपी माझ्या हातात दिली आणि हॅट घातली. माझ्या स्कूटरचा आरसा आज नव्हता म्हणून त्याने एका उभ्या गाडीच्या काचेत पाहिलं.

"बरी दिसता?"

"दिसता."

"पूण काठ मोव आसा रे. दोळ्यांर येता." त्याने ती परत दिली. "पेज लाय. आमची आवय म्हज्या युनिफॉर्माक पेज लायताली. शर्ट आपसूक उबो रावतालो."

अशा प्रकारे दुरुस्ती क्रमांक चार मला कायद्याच्या रक्षकानेच सुचवली. काठ खरंच मऊ होता, पावलागणिक कावळा उडाल्यासारखा वर-खाली व्हायचा. आईने उकड्या तांदळाची दाट पेज करून हॅटला तीन हात दिले आणि दोन दिवस विहिरीच्या कठड्यावर वाळवली. तिसऱ्या दिवशी हॅटवर टिचकी मारली तर दार वाजल्यासारखा आवाज आला.

बाबा ती घालून निघाले. चार इंच काठ, सगळीकडून, कडक. वांगी पट्टी. हनुवटीखाली खट्. आई मागल्या दारात उभी राहून ते चढून दिसेनासे होईपर्यंत बघत होती आणि मला म्हणाली, "बघ, आता दम लागत नाय तेंका." दम उन्हाने लागतो की हॅटीशिवाय लागतो, हा वैद्यकीय प्रश्न आम्ही उकरला नाही. बाबा त्या दिवशी वास्कोला जाऊन आले. हसत आले. मागून मंजुळावयनींची गाय आली. तीही पेजेच्या वासाने वास्कोला जाऊन आली होती.

पंधरा दिवस बरे गेले. बाबा मागल्या दारानेच जात-येत, म्हणून हॅट वाड्यात कोणी नीट बघितली नव्हती. मग एका बुधवारी, मी ऑफिसात एका कर्जदाराची तिसरी प्रत शोधत असताना, वाड्याच्या ग्रुपवर महेशचा मेसेज आला. महेशचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि यंदा पंच व्हायचं त्याच्या मनात आहे. त्याने गच्चीवरून फोन ताणून फोटो काढला होता. मेसेज असा:

'सावधान!! डोंगरावर हॅटवाला!! खुंटे मारून जमीन मोजतो!! सर्वांनी ताबडतोब जमावे!! डोंगर आपला!!'

आमच्याकडे ही चेष्टेची गोष्ट नाही. बाजूच्या गावात असाच एकजण हॅट घालून 'फक्त फिरायला' आला होता, आणि आता त्या डोंगराच्या जागी एक गेट आहे. मी फोटो मोठा केला. ठिपक्याठिपक्यांचा एक माणूस, हातात लांब काठी, काठी जमिनीत खुपसलेली. डोक्यावर ताटासारखी हॅट. काठीच्या टोकाला खिळा असतो, पडलेला बोंडू टोचून उचलायला, हे फोटोत दिसत नव्हतं. वांगी पट्टी मात्र दिसत होती.

बाबांना फोन लावला. पर्वरीच्या वर रेंज नसते. डोंगरावरच्या झाडाला पर्वरी नाव दिल्यावरही नसते. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज तिन्ही प्रतींत मंजूर व्हायला तास-सव्वा तास गेला, मग निघालो. वळणावरच्या पोलिसाने हात केला, मी ओरडलो, "बाबांच्या हॅटीचाच काम!" त्याने सोडलं.

वाड्यात पोचलो तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी साठ-सत्तर माणसं जमली होती. बायकांच्या हातात खराटे होते. महेश एका दगडावर उभा होता. आणि सगळ्यांच्या पुढे, घामाने डबडबलेले, मूठ वर केलेले, बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या आवाजात ओरडत होते ते आमचे बाबा.

"खंय गेलो तो हॅटवालो? दाखवा माका! मी तेचे खुंटे तेच्याच डोक्यार मारतलंय!"

त्यांच्या डोक्यावर हॅट नव्हती.

पुढे मला जे कळलं ते असं. बाबा पणजीच्या स्टॉपवर असताना खालून आरडाओरडा ऐकू आला. कोणीतरी सांगितलं, डोंगरावर हॅटवाला शिरलाय, जमीन मोजतोय. बाबांचं रक्त उसळलं. पळताना काठ झुडपांत अडकत होता म्हणून त्यांनी हॅट काढून एका फांदीला लटकवली आणि खाली येऊन हॅटवाल्याच्या शोधात सामील झाले. दोन तास ते शोधत होते. सगळ्यात जास्त उत्साह त्यांचाच होता, कारण डोंगराची माहिती त्यांना सगळ्यात जास्त. कुठल्या झाडामागे माणूस लपू शकतो ते तेच सांगत होते.

हे ऐकून बाबांना कोणी भोळे म्हणू नये. माणसाला आपण स्वतः बाहेरून दिसत नाही. बाबांच्या लेखी ते हॅटवाला नव्हतेच. ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून डोक्यावर काहीतरी घालणारे काशिनाथ ड्रायव्हर होते.

मी त्यांना बाजूला घेतलं. "बाबा, तुमचा चेपें खंय?"

"झाडार. कित्याक?" ते अजून धापा टाकत होते. "तू हयसर वेळ घालव नको, तो खाली उतरलो आसतलो..."

मी फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो आधी लांब धरला, मग जवळ. मूठ हळूहळू खाली आली.

"सांगू या का?" मी विचारलं.

"गप रव," ते कुजबुजले. "दोन तास हे लोक माझ्या फाटल्यान धावलेत."

इतक्यात महेशने जाहीर केलं, की हॅटवाला भ्याला आणि पळाला, पण तो परत येणार, तेव्हा आताच्या आता देवळात गाऱ्हाणं घालायचं. सगळे देवळाकडे निघाले. बाबांना मागे राहता येईना. त्यांना तर लोकांनी पुढे घातलं होतं.

गाऱ्हाणं घालण्याचा मान कृष्णनाथदादांचा. वय ऐंशीच्या पुढे, आवाज पंचविशीतला. त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत. जो कोण हॅटवालो आमच्या डोंगरार पाय ठेवता, खुंटे मारता, झाडां मोजता, तेका इल्ल्या वाटेन परत फिरव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"तेच्या डोक्यावयलो माज उतरव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"परत तेची सावली ह्या डोंगरार पडाक देव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यातला प्रत्येक 'व्हय' बाबांनी म्हटला. मी शेजारी उभा होतो. पहिला जोरात होता, कारण लोक बघत होते. शेवटचा मात्र त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघत म्हटला, आणि मला पहिल्यांदा यातलं हसू येईना. सावली डोंगरावर पडू नये, असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पेडण्याला गेलेच नाहीत. खुर्चीत बसून राहिले, निवृत्तीनंतरच्या पहिल्या आठ दिवसांसारखे.

"चेपें घालून गेलंय तर देवाचो शब्द मोडता," ते म्हणाले. "नाय घालून गेलंय तर तुझ्या आवशीचो."

"देव समजून घेतलो," मी म्हटलं.

"आणि ती?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हॅट नाय, तर डोंगर नाय." झालं. डोंगरावर बोंडू पडून सडत होते आणि आमच्या घरी एक माणूस गाऱ्हाणं आणि बायको यांच्यामध्ये बसला होता. हॅट फांदीवरून गुपचूप आणावी म्हणून मी आणखी एक रजा टाकून वर गेलो, तर फांदीवर हॅट नव्हती.

ती दुपारी सापडली. मंजुळावयनींची गाय डोंगरावरून उतरली ती तोंडात अर्धा काठ घेऊन. पेज तिला पंधरा दिवस खुणावत होती. बिचारीने शेवटी संधी साधली होती. बघता बघता आमच्या अंगणात माणसं जमली. महेशने "पुरावो! पुरावो!" म्हणत गाईच्या तोंडातून काठ ओढायला घेतला, गाय सोडेना, आणि त्या ओढाताणीत वांगी पट्टी सुटून मंजुळावयनींच्या पायाशी पडली. वयनींनी ती उचलली, उलटी केली, पिवळ्या काठावरून अंगठा फिरवला.

"हो खण माझो."

महेशने काठ सोडला.

"हळदीकुंकवाक मी दिल्लंय हो. दोन वर्सां मागे. पद्मावतीच्या ओटयेत." वयनींचा आवाज चढत गेला. "हॅटवाल्याच्या डोक्यार माझो खण कसो इलो गो, पद्मावती?"

आई दारात उभी होती. गावावर आलेलं संकट एका क्षणात बाजूला पडलं आणि मूळ प्रश्न पुढे आला: मी मानाने दिलेला खण तू हॅटीला लावलास? आईने एकदा वयनींकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. बाबा खुर्चीतून उठले. पायऱ्या उतरून अंगणात आले, आणि बस डेपोत लावल्यावर ड्रायव्हर जसा शेवटचा हॉर्न देतो तसं, एकदाच, मोठ्याने म्हणाले:

"हॅटवालो मी."

आधी कोणाला कळलं नाही. मग कृष्णनाथदादांना कळलं. ते जे हसायला लागले ते त्यांना धरून कट्ट्यावर बसवावं लागलं. "म्हणजे रे काशिनाथा, काल दोन तास तू... आपणाकच..." पुढे त्यांना बोलता येईना. बायका खराट्यांना धरून हसल्या. महेश सोडून सगळे हसले. त्याने फोन काढून ग्रुपवर टाकलं, 'कालचा हॅटवाला आपलाच निघाला. तसदीबद्दल क्षमस्व. पुढच्या हॅटवाल्यासाठी सज्ज राहा.'

बाबा हसण्याचं ते वादळ मान खाली घालून सोसत उभे राहिले. 'लोक हसूक नाय व्हये' एवढी एकच अट त्यांनी मला घातली होती. हसणं ओसरल्यावर त्यांनी कृष्णनाथदादांना विचारलं, "दादा, गाऱ्हाणा मागे घेवक येता?"

"मागे घेवक येणा नाय," दादा डोळे पुसत म्हणाले. "दुरुस्ती करूक येता."

आम्ही परत देवळात. नवा नारळ. "बा देवा म्हाराजा, काल घातलेल्या गाऱ्हाण्यात थोडी दुरुस्ती आसा. हॅटवालो म्हणजे आमचो काशिनाथ ड्रायव्हर सोडून दुसरो कोण पण, म्हाराजा. तेका मात्र परत फिरव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी बाबांचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत गेला.

उरली हॅट. तिचा घुमट शाबूत होता, काठ निम्मा गाईच्या पोटात. मी पोफळीच्या झावळीचं चामड्यासारखं जाड बूड, म्हणजे विरी, आणली, ती भिजवून, गोल कापून, वाळवून चारी बाजूंनी शिवली. आता गाय वळूनही बघत नाही. वांगी पट्टी मंजुळावयनींनी स्वतः परत लावून दिली, पण आईकडून नवा खण घेऊन. तोही त्यांनीच कधीतरी दिलेला होता. आईने मला गप्प राहायची खूण केली.

नंतरच्या रविवारी मला सुट्टी होती म्हणून मीही टोपली घेऊन बाबांबरोबर गेलो. म्हापशाला बसून बोंडू पिळून बिया वेगळ्या काढत होतो, बाबा वर पणजीला होते. तेवढ्यात खालून वाटेने एक माणूस चढताना दिसला. गुळगुळीत पांढरी हॅट, काळा चष्मा, मागे टेप घेतलेले दोघेजण. खाली शेतात वाकलेल्या बायकांनी हॅट बघितली आणि हात हलवून ओरडल्या, "काशिनाथमामानू, दमशात हां!" महेशने गच्चीवरून अंगठा दाखवला. माणसाने सगळ्यांना हात केला. असं स्वागत त्याचं कुठल्याच डोंगरावर झालं नसावं.

तो माझ्या समोरून वर गेला. मी उठून मागोमाग निघालो. पणजीच्या झाडाखाली बाबा काठी रोवून उभे होते, विरीची हॅट, वांगी पट्टी, हनुवटीखाली बकल. दोन हॅटी समोरासमोर आल्या. माणूस थबकला. त्याने बाबांना पायापासून हॅटपर्यंत बघितलं, काठी बघितली, मागे मोजून लावल्यासारख्या झाडांच्या ओळी बघितल्या, आणि त्याचा चेहरा पडला.

"आपने ले लिया क्या?"

बाबांनी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "हां."

"पूरा?"

"पूरा," बाबा म्हणाले, आणि काठीने सड्याच्या कडेच्या झाडाकडे दाखवलं. "वास्को तक फुल है."

माणसाने तिकडे बघितलं. त्याच्या लेखी इथून थेट वास्को बंदरापर्यंत. त्याने चष्मा काढला, घाम पुसला, टेपवाल्यांना मान हलवून खूण केली, आणि आलेल्या वाटेने परत फिरला. वाऱ्याने त्याची हॅट उडाली. ती आणायलाही तो थांबला नाही.

दुपारी मी हे घरी सांगितलं तेव्हा आईने हातातला डाव तसाच धरून ऐकलं. मग देवळाच्या दिशेने हात जोडले. बाबा पाटावर बसले, भात कालवला, घास तोंडात घातला.

"चेपें तरी काढा जेवताना," आई म्हणाली.

बाबांनी हात वर नेला, ते तिथे आहे हे त्यांना तेव्हाच कळलं. हात तसाच खाली आला, आणि ते शांतपणे चावत राहिले.

चूं, हॅट म्हणाली. चूं, चूं.